आई एकवीरेची वाट आणि मनाचे सोवळे

आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे पुरी झाली म्हणून स्मरणिका काढण्याचे ठरले, तेव्हा चिटणीसबाई आमच्या घरी आल्या आणि "देवीच्या उपासनेतील मनाची शुद्धी व निष्ठा" ह्या विषयावर मी लिहावे असा त्यांनी आग्रह धरला. मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंत. असल्या विषयावर कीर्तनकारांनी बोलावे." त्यावर त्या म्हणाल्या, "दर शुक्रवारी वाचनालयातून पुस्तक नेता, ते काय फळीवर ठेवायला?" मला उत्तर सुचले नाही. तेव्हा जे वाचले, जे घरच्या वडीलधाऱ्या बायकांकडून ऐकले आणि जे स्वतःच्या वाट्याला आले, ते जमेल तसे मांडते. शुद्धी म्हणजे काय ह्यावर प्रवचन करणे मला जमणार नाही. पण आपल्या कर्जत-खालापूरकडच्या पुष्कळ घरांची कुलस्वामिनी जी कार्ल्याची आई एकवीरा, तिची हकीकत मला ठाऊक आहे. ती सांगता सांगता विषय आपोआप निघेल असे वाटते.

आमचे गाव उल्हास नदीच्या काठी. माझ्या आजेसासूबाई दर चैत्रात कार्ल्याला पायी जात. आगगाडी होती, पैसेही होते, पण त्या म्हणत, "गाडीने गेले तर देवीला कसे कळेल मी आले म्हणून?" गाठोड्यात भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी, आणि ओटीचे सामान वेगळ्या फडक्यात. पहिला मुक्काम खोपोलीला. तेथून बोरघाट चढायचा, वाटेत शिंग्रोबाला नारळ ठेवायचा. इंग्रजांना हा घाट दाखवणारा धनगर तो हाच, असे आपल्याकडे सांगतात. दुसरा मुक्काम लोणावळ्याच्या अलीकडे कोठेतरी झाडाखाली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी कार्ल्याचा डोंगर. येताना मात्र मळवलीला गाडीत बसून यायच्या. जाणे देवीचे, येणे आपले, असा त्यांचा हिशेब होता.

ह्या वाटेचा इतिहासही लहान नाही. मुंबईकडून निघालेली आगगाडी १८५६ साली खोपोलीपर्यंत आली, आणि पुढे घाटाची भिंत! खंडाळ्यापासून पुण्याकडची गाडी १८५८ साली सुरू झाली, पण मधला घाट उतारूंनी डोलीत, गाडीत नाहीतर पायी चढायचा. कर्जतवरून घाट चढणारा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. तो बांधताना हजारो मजूर दगावले. आपण पळसधरी सोडून बोगद्यात शिरलो की मुले हुर्यो करतात. मला मात्र तेथे दर वेळी त्या मजुरांच्या बायकांची आठवण होते. असो.

त्याही आधीची गोष्ट म्हणजे लेण्यांची. कोकणातल्या बंदरांतून माल घाटावर चढे, त्या वाटांवर ही लेणी कोरलेली आहेत. आपल्या तालुक्यातच राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याचे लेणे आहे. मुलांच्या सहलीबरोबर मी एकदा गेले होते. तेथे एक भग्न मूर्ती असून तिच्याजवळ ब्राह्मी अक्षरांत लिहिले आहे की कण्हाचा शिष्य बलक ह्याने हे केले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे नाव आपल्या तालुक्यातल्या दगडावर अजून आहे आणि आपल्याला शेजारच्या आळीतल्या पणजोबाचे नाव सांगता येत नाही.

कार्ल्याचे लेणे तर भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. लांबी सुमारे १२४ फूट. छताला लाकडी कमानी आहेत, त्या दोन हजार वर्षांच्या जुन्या असून अजून जागच्या जागी आहेत. आपल्या घराचे वासे पाच वर्षांत वाळवी खाते! हे लेणे कोणा एका राजाने खोदले नाही. वैजयंतीचा भूतपाल नावाचा शेठ होता, त्याने "जंबुद्वीपातील उत्तम" असे हे मंदिर पुरे केले असे लिहिलेले आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दार केले, सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याने दान दिले, खांबांवर कित्येक यवनांची नावे आहेत. आणि भगिनींनो, त्यांत बायकाही आहेत. घुणिकाची आई कोडी नावाची भिक्षुणी, तिने कठड्याचे काम करून दिले. ती भिक्षुणी झाली, संसार सोडला, पण शिलालेखात तिची ओळख "घुणिकाची आई" अशीच राहिली. हे वाचले तेव्हा मला हसूही आले आणि बरेही वाटले. आपल्यालाही गावात आपल्या नावाने किती जणी ओळखतात?

ह्या लेण्याच्या अगदी तोंडाशी आई एकवीरेचे देऊळ आहे. बुद्धाचे लेणे आणि दारात देवी, ह्याचे पुष्कळांना नवल वाटते. आमच्या मंडळातल्या बौद्ध भगिनी आमच्याबरोबर त्याच पायऱ्या चढतात. वर गेल्यावर त्या लेण्यात जातात, आम्ही देवळाच्या रांगेत उभ्या राहतो, आणि उतरताना पुन्हा सगळ्या मिळून उसाचा रस पितो. ह्यापेक्षा अधिक वाद त्या डोंगरावर मी तरी कधी घातला नाही.

कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि इतरही पुष्कळ जातींची ती कुलस्वामिनी. चैत्र शुद्ध सप्तमीला पालखी निघते. खाली देवघर गावी काळभैरव आहे, तो देवीचा भाऊ. मुंबई, ठाणे, वसई, अलिबाग, उरण येथून माणसे येतात. कित्येक पालख्या आपल्या खोपोलीवरून पायी घाट चढतात. उन्हाने डांबर मऊ झालेले असते आणि बायका अनवाणी चालत असतात. मंडळाने दर वर्षी त्यांना ताक आणि कलिंगडाच्या फोडी देण्याचा परिपाठ ठेवला आहे, तो आपणांस ठाऊकच आहे.

आता मूळ गोष्टीकडे येते. एकवीरा म्हणजे रेणुका, असे आपल्याकडे मानतात. एका वीराची, परशुरामाची आई म्हणून एकवीरा. आणि रेणुकेची कथा हीच मुळी मनाच्या शुद्धीची कथा आहे. म्हणून ती जरा सावकाश सांगते.

रेणुका जमदग्नी ऋषींची बायको. ती रोज नदीवर जाई, ओल्या वाळूची घागर करी आणि तीत पाणी भरून आश्रमात आणी. तिच्या मनाच्या निर्मळपणामुळे वाळूची घागर फुटत नसे. एके दिवशी नदीत चित्ररथ नावाचा राजा आपल्या राण्यांबरोबर जलक्रीडा करीत होता. रेणुकेची नजर तिकडे गेली आणि क्षणभर मन हलले. बस्स, एवढेच. ती कोणाशी बोलली नाही, जागची हलली नाही. घागर मात्र विरघळली. ती ओल्या लुगड्याने घरी आली आणि ऋषींनी ओळखले. त्यांनी मुलांना सांगितले, आईला मारा. चार मुलांनी ऐकले नाही, त्यांना शाप मिळाला. धाकट्या परशुरामाने परशू उचलला. बापाने प्रसन्न होऊन वर माग म्हटले, तेव्हा त्याने मागितले की आई जिवंत व्हावी आणि तिला ह्यातले काही आठवू नये. तसे झाले.

वाळूची घागर लोककथेतली आहे, बाकीची कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. शाळेत असताना ही गोष्ट ऐकली तेव्हा परशुराम केवढा आज्ञाधारक असे मला वाटले होते. लग्न झाल्यावर ऐकली तेव्हा रेणुकेची दया आली. आता दोन मुलांची आई झाल्यावर माझे मन त्या चार थोरल्या मुलांकडे जाते. त्यांची नावे कोणी घेत नाही, पण आईवर हात उचलायला नको म्हणणारे तेच होते.

मात्र आपल्या लोकांनी ह्या कथेचे पुढे काय केले ते पाहा. ऋषींची देवळे किती आणि रेणुकेची किती? माहूरला तिचे साडेतीन पीठांतले ठाणे आहे आणि तेथे देवीचा फक्त मुखवटा, तांदळा पुजतात. सौंदत्तीला ती यल्लम्मा म्हणून आहे. आणखी एक कथा सांगतात. परशुराम मागे लागला तेव्हा रेणुका मातंगाच्या घरात शिरली, घरधनीण मातंगी तिला वाचवायला मध्ये पडली, आणि एकाच घावात दोघींची मस्तके गेली. जिवंत करताना घाईत मस्तके बदलली. एकीचे शिर, दुसरीचे धड. म्हणून दोघींचीही पूजा होते. ज्या बाईच्या सावलीचा विटाळ मानीत, तिचे मस्तक देवीच्या धडावर! हे ज्या कोणी पहिल्यांदा सांगितले ती नक्की आपल्यासारखी चूल फुंकणारी बाई असली पाहिजे. शास्त्रीबुवांना हे सुचायचे नाही.

जिच्या मनात क्षणभर वावगे आले म्हणून नवऱ्याने जिचा वध करविला, तीच आपली कुलस्वामिनी. तिच्याच दारी आपण सोवळ्याओवळ्याच्या शंका काढीत बसतो.

ह्या शंका आजच्या नाहीत आणि त्यांना उत्तरेही आजची नाहीत. चोखोबांची बायको सोयराबाई चौदाव्या शतकातली. तिने अभंगात सरळ विचारले आहे की विटाळ देहातच आहे, विटाळावाचून जन्म कोणाचा झाला ते दाखवा. सहाशे वर्षांपूर्वी एक बाई हे विचारते, तेही जिला देवळाच्या पायरीपाशी थांबवले होते ती! आणि पैठणचे एकनाथमहाराज. ते १५३३ साली जन्मले असे मानतात. त्यांनी देवीचा जोगवा आणि गोंधळ लिहिले. नवरात्रात आपण जो जोगवा गातो त्यात देवीकडे पीठ-मीठ मागायचे नसून मनातले भेद आणि विकार टाकून देण्याचे बळ मागायचे आहे. आपण चाल एवढी घोळवतो की शब्दांकडे लक्ष राहत नाही. हा दोष माझाही आहे.

पुढे १९२७ हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा कुलाबा म्हणत, दक्षिणेकडच्या महाड गावी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आणि त्याच सुमारास तिकडे अमरावतीला अंबादेवीचे देऊळ सर्वांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रह उभा राहिला, त्यात पंजाबराव देशमुख पुढे होते. म्हणजे पाणी आणि देवी, दोन्ही एकाच वेळी मागावी लागली. आपले खालापूरचे महड वेगळे, वरदविनायकाचे. त्या देवळाची ख्याती अशी की भाविकाने स्वतः गाभाऱ्यात जाऊन आपल्या हाताने पूजा करावी. मूर्ती १६९० साली तळ्यात सापडली असे सांगतात आणि तेथला नंदादीप १८९२ पासून तेवत आहे असेही सांगतात. महड आणि महाड, एका काना-मात्रेचा फरक, पण दोन्ही गावे मला ह्या विषयात शेजारी शेजारी दिसतात.

बायकांची गोष्ट तर अगदी कालपरवाची. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांना जाऊ द्यावे म्हणून २०१६ सालापर्यंत झगडावे लागले. एप्रिल २०१६ च्या आरंभी उच्च न्यायालयाने सांगितले की पुरुष जेथे जातो तेथे बाईला अडवता येत नाही, आणि तसा कायदा १९५६ पासूनच आहे. साठ वर्षे कायदा कपाटात होता! देवी बाई, तिला न्हाऊमाखू घालताना, लुगडे नेसवताना पुरुष चालतात आणि ओटी भरणारी बाई उंबऱ्याबाहेर. ह्यावर आमच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "माहेरी गेलेल्या लेकीला कोणी ओसरीवर बसवतं काय?"

बोकड-कोंबड्यांविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर चिटणीसबाई विचारतील. गाडगेमहाराजांनी जन्मभर गावोगाव झाडू हातात घेऊन सांगितले की मुक्या जनावराच्या मानेवर नवस फेडू नका. ते १९५६ साली गेले. माझे मत त्यांच्यासारखेच आहे. आमच्या घरी आजेसासूबाईंच्या पश्चात कोंबड्याच्या जागी नारळ आला. पण समुद्रावर जाणारा कोळी जे आपण खातो तेच आईला ठेवतो, त्याला अशुद्ध म्हणण्याइतकी मी शहाणी नाही. नवसाच्या घाईचे मात्र मला भय वाटते. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीला काळूबाईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन २९० च्या वर माणसे गेली. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या. मेलेल्यांत बायका आणि मुले पुष्कळ. ज्या पाण्याने देवी थंड व्हायची त्यावरूनच पाय घसरावे, हे वाचून आमच्या घरी दोन दिवस कोणी नीट जेवले नाही.

आणि आता जे लिहायचे ते लिहिण्यासाठीच इतकी पाने भरली, हे कबूल करते.

त्याच २००५ च्या चैत्रात आम्हांला कार्ल्याला जायचे होते. लग्नानंतर पहिली दोन वर्षे माझी कूस उजवली नव्हती, तेव्हा सासूबाईंनी नवस बोलला होता की मुलगा झाला तर त्याचे जावळ आईच्या दारी काढीन. मुलगा झाला. दोन वर्षांचा झाला, केस मानेवर आले. टेम्पो ठरवला, चोवीस माणसे, आजेसासूबाईसुद्धा त्या वर्षी पहिल्यांदा गाडीत बसून निघाल्या, कारण गुडघे उरले नव्हते. मांढरदेवीचे ताजे होते म्हणून मुख्य दिवस टाळून आम्ही चार दिवस आधी गेलो.

अर्ध्या पायऱ्या चढल्यावर माझ्या ध्यानात आले की माझी अडचण आली आहे. चार दिवस आधीच.

आपणा सर्वांना ठाऊक आहे अशा वेळी काय करायचे असते. कडेला बसायचे. पण मी बसले तर पोराची आई नाही म्हणून जावळ राहिले असते, टेम्पोचे पैसे, चोवीस माणसांचा दिवस, आणि गावात महिनाभर बोलणे. मी गप्प राहिले. नणंदेने माझ्या हातातली ओटीची पिशवी घेतली, ती थकले म्हणून घेतली असे मला वाटले. वर गेलो, जावळ निघाले, मुलाला पायांवर घातले. मी देवीकडे पाहिले नाही. तिच्या नथीच्या खाली कोठेतरी नजर ठेवून हात जोडले.

त्या पावसाळ्यात २६ जुलैचा प्रलय आला. उल्हास नदी आमच्या वाडीत शिरली. घाटातली गाडी बंद, कर्जतकडे जाणारा रस्ता पाण्याखाली, दिवे नाहीत. आणि पाणी उतरते न उतरते तोच मुलाला ताप भरला. पोराच्या वडिलांनी त्याला खांद्यावर घेतले आणि चिखलातून डॉक्टरकडे नेले. नऊ दिवस ताप उतरला नाही. मी उशाशी बसून एकच जप करीत होते, चूक माझी आहे, पोराची नाही. नदीला पूर शेकडो गावांत आला होता, महाड तालुक्यात दरडी कोसळून घरेच्या घरे गाडली गेली, पण माझ्या मनाने धरले की हा सगळा पाऊस माझ्यासाठी पडला. आता हे लिहिताना त्यातला वेडेपणा दिसतो. तेव्हा दिसत नव्हता. दहाव्या दिवशी मुलगा भात मागू लागला.

त्या आठवड्यापासून मी मंगळवार धरले. निर्जळी. का धरले ते कोणाला सांगितले नाही. ह्याच मंडळात हळदीकुंकवाला माझ्या निष्ठेची तारीफ झाली आहे, एकदा तर ध्वनिक्षेपकावरून झाली. मी खाली मान घालून ऐकत असे आणि तुम्ही त्याला विनय समजत होतात. भगिनींनो, ती निष्ठा नव्हती, ते भय होते. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, दोन्ही उपाशी राहतात. आतून मला ठाऊक होते. आणि अंगाच्या विटाळापेक्षा ती लपवणूकच मला जास्त खात होती. रेणुकेची घागर निदान लगेच फुटली. माझी फुटत नव्हती आणि मी ती डोक्यावर घेऊन पंधरा वर्षे फिरले.

२०२० च्या चैत्रात टाळेबंदी होती. देवळे बंद. जत्रा नाही, पालख्या नाहीत, आमच्या दारावरून ताक प्यायला कोणी आले नाही. आजेसासूबाई जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. सासूबाईंनी त्या दिवशी पहाटे अंगण सारवले, उंबऱ्यावर पाट मांडला आणि घाटाकडे तोंड करून ओटी भरली. खण, नारळ, पाच मुठी तांदूळ, हळकुंड, सुपारी. समोर भिंत, भिंतीपलीकडे नदी, तिच्याही पलीकडे घाट. मग त्या तेथेच बसून राहिल्या. कधी नव्हे इतके शांत होते. आगगाडीसुद्धा वाजत नव्हती. मी त्यांच्याजवळ बसले आणि का कोण जाणे, सगळे सांगून टाकले. पायऱ्या, अडचण, ताप, मंगळवार.

त्यांनी पाटावरचे तांदूळ सारखे केले. म्हणाल्या, "मला काय ठाव नव्हतं गो? तुझी पिशवी घे म्हणून तुझ्या नणंदेला मीच खुणावलं. तुझी चाल बदलली तिथंच मला समजलं. माझ्या सासूलापण समजलं."

"मग अडवलं का नाही?"

"आईच्या दारात आई निघाली, तिला मी कोण मागं फिरवणार? आणि त्या माउलीचं मुंडकं पोटच्या पोरानं उडवलं. तिला कोणाचा विटाळ व्हायचा राहिला, बाय?"

मी म्हटले, "पंधरा वर्षं झाली. एकदा तरी बोलायचं होतंत."

त्या म्हणाल्या, "तू तरी बोललीस काय?"

ह्यावर आम्ही दोघीही हसलो आणि मग मी पुष्कळ रडले. त्यांनी मला उगी केले नाही. उठून चहा टाकला.

देवळे १६ नोव्हेंबर २०२० ला, पाडव्याच्या दिवशी उघडली, मधे पुन्हा बंद झाली, आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी पुन्हा उघडली. पुढच्या चैत्रात मी कार्ल्याला गेले. रांगेत दोन तास लागले. पुजाऱ्यांनी "चला, पुढं चला" म्हटले तेव्हा मी जरा जास्त वेळ उभी राहिले. शेंदूर फार जवळून पाहिला. चांदीचे डोळे मोठे आहेत, हे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हते.

मंगळवार मी सोडले नाहीत. सवय झाली आहे, आणि काहीतरी धरलेले बरे असते. पण निर्जळी करीत नाही. साबुदाण्याची खिचडी पोटभर खाते आणि मंडळाच्या सभेला वेळेवर येते, हे अध्यक्षबाई सांगतील.

गेल्या घटस्थापनेची एक गोष्ट तेवढी राहिली. माझी धाकटी मुलगी आता आठवीत आहे. सकाळी मी घटासाठी माती चाळून ठेवली होती. ती दारात येऊन उभी राहिली, आत येईना. मी विचारले तर माझ्याकडे न पाहता सासूबाईंकडे पाहून पुटपुटली की तिची पाळी आली आहे, तर घटाचे काम ती करणार नाही, लांब बसेल. शाळेतल्या कोणी मैत्रिणीने तिला सांगितले होते. मी काही बोलणार तोच सासूबाईंनी पत्रावळ तिच्यापुढे सरकवली.

"हात धुतलेस का?" त्यांनी विचारले.

"हो."

"साबणानं?"

"हो, आजी."

"मग बस इथं. माती पसर, गहू मी देते."